ठमीची पाठ आणि मणकेवाल्या मॅडम : ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे. ज्यांच्या कुत्र्याचे मागचे पाय आत्ता या घडीला चालत नाहीयेत त्यांनी वाचत बसू नका, त्याला एका सपाट फळीवर नाहीतर खोक्यात घाला, पाठ वाकू देऊ नका आणि निघा, वाचायचं ते गाडीत वाचा. आणि हो, त्याला काही खायला घालू नका, कारण बहुतेक आजच भूल द्यावी लागेल.

ठमी आमची डॅशहाउंड. साडेपाच वर्षांची, लांबी भरपूर, उंची नावापुरती, आणि तोंड असं की दारावरच्या बेलची गरज नाही. एक दिवस सोफ्यावर चढेना, पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी, पोटाला हात लावला तर पोट ढोलासारखं घट्ट. जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले पोटाचं आहे, इंजेक्शन दिलं. (त्यांना पूर्ण दोष देत नाही, पाठ दुखणारं कुत्रं पोट आवळून धरतं आणि बघणाऱ्याला ते पोटदुखीच वाटतं, हे मला नंतर कळलं. पण पाठीवरून एकदा बोट फिरवलं असतं तर काय बिघडलं असतं?) इंजेक्शनने दोन तासांत बाई ठणठणीत, आम्हीही खूश, कोणी सांगितलंच नव्हतं की दुखणं दबलंय, आतला बिघाड तसाच आहे, तिला बांधून ठेवा. तिने सोफ्यावर उड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत स्वयंपाकघरात आली आणि मागचे पाय फरशीवरून ओल्या फडक्यासारखे तिच्यामागे घासत आले. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तर तिथून आम्ही या मॅडमकडे पोचलो. या प्राण्यांच्या न्यूरोलॉजिस्ट, त्यातही जन्म गेला कुत्र्यांच्या मणक्यांत. माणसांमध्ये कसं, मेंदूची औषधं देणारा डॉक्टर वेगळा आणि ऑपरेशन करणारा वेगळा. इथे बहुतेक ठिकाणी तपासणार तेच, एमआरआय वाचणार तेच, भूल उतरेपर्यंत उभे राहणार तेच आणि कापणारही तेच. मला हे माहीतच नव्हतं, मी येड्यासारखं विचारलं की सर्जन कधी येणार, तर म्हणाल्या, आलेत की, तुमच्यासमोर जमिनीवर बसलेत.

आणि खरंच जमिनीवर बसल्या होत्या. टेबल नाही, काही नाही. ठमीच्या पोटाखालून टॉवेल घालून तिला उभं धरलं आणि नुसतं बघत राहिल्या, बराच वेळ. मग मागचा एक पंजा उचलून उलटा ठेवला, म्हणजे पंजाची पाठ जमिनीला. चांगलं कुत्रं लगेच तो सरळ करतं, त्याला सांगावं लागत नाही. ठमीने तो तसाच ठेवला, जणू कोणा दुसऱ्याचा पाय आहे. मग चिमट्याने पाठीच्या कातडीला मागून पुढे, दोन बोटांवर एक असे चिमटे काढत आल्या. माशी बसल्यावर घोड्याची कातडी कशी थरथरते तशी कातडी हलायला पाहिजे. शेवटच्या बरगडीच्या जरा मागेपर्यंत काहीच नाही, आणि तिथून पुढे एकदम थरथर. रेघ ओढल्यासारखं. मॅडम म्हणाल्या बिघाड या रेघेच्या थोडा पुढे, डोक्याच्या बाजूला असतो, बरगड्यांच्या भागातल्या बाराव्या-तेराव्या मणक्याच्या मध्ये असेल बहुतेक. एमआरआयच्या आधी, फक्त चिमट्याने! आणि एमआरआयमध्ये नेमकं तेच निघालं, १२ आणि १३ च्या मध्ये, डावीकडे.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

मॅडमनी ठमीच्या मागच्या बोटांना चिमटा लावला आणि ठमीने पाय झटकन आत घेतला. मी जवळजवळ ओरडलेच, दुखलं तिला, म्हणजे जाणीव आहे! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पायाकडे बघू नका. तोंडाकडे बघा." तोंडाकडे बघितलं तर ठमी टॉवेलची शिवण चाटत होती. पाय आत गेला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी समजावलं की पाय आखडून घ्यायची जी वायरिंग आहे ती कमरेच्या भागातच आहे, तिथल्या तिथे सूचना येते तिथल्या तिथे हुकूम सुटतो, मेंदूपर्यंत फाइल जायची गरजच नाही. गल्लीतलं प्रकरण गल्लीत मिटलं. मज्जारज्जू वर पूर्ण तुटलेला असला तरी पाय असा आत जाऊ शकतो. म्हणून घरी बसून बोटं चिमटून व्हिडिओ काढणारे आपण सगळे स्वतःची फसवणूक करत असतो, आणि मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे कधीकधी घाईतले डॉक्टरही करतात.

मग त्यांनी जाड चिमट्याने बोटाचं हाड दाबलं, चांगलं जोरात. मला बघवेना. ठमीने मान वळवली, गुरगुरली आणि मॅडमच्या हाताला तोंड टाकलं. त्या हसल्या. "छान. मला चावायला आली. फार छान." एवढ्या आनंदाने कोणी चावून घेताना मी बघितलं नाही. याला ते खोलवरची वेदना म्हणतात, डीप पेन, आणि सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे. पाय लुळे पण ही वेदना शाबूत असली तर वेळेत ऑपरेशन झालेल्या १० पैकी ९ किंवा जास्त कुत्री पुन्हा चालतात. ती वेदनाच गेलेली असली तर तोच आकडा निम्म्याच्या आसपास येतो. वेदना गेलेल्या दहातल्या साधारण एकाला तर त्याहून वाईट होतं, मज्जारज्जू स्वतःच वितळायला लागतो आणि ते वितळणं वर चढत जातं, त्यावर औषध नाही. हे सगळं त्यांनी मला ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायच्या आधी सांगितलं, गोड बोलून नाही, घाबरवूनही नाही, रेल्वेचं टाइमटेबल वाचावं तसं. मला तेव्हा राग आला होता थोडा. आता वाटतं असंच सांगायला पाहिजे.

हा आजार म्हणजे आपण ज्याला मणक्याची गादी सरकली म्हणतो तोच, पण डॅशहाउंडची गादी सरकत नाही, फुटते. जवळपास प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये गादी, बाहेरून कडक कडं आणि आत मऊ जेलीसारखा गर. आखूड पायांच्या जातींमध्ये हा गर वर्षाचं वय व्हायच्या आतच सुकायला लागतो, त्यात चुना धरतो, मग एक दिवस कडं फाटतं आणि आतला सुका ऐवज वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. १९५२ मध्ये हॅन्सन नावाच्या संशोधकाने याचे दोन प्रकार पाडले, हा फुटणारा पहिला, आणि मोठ्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत गादी हळूहळू फुगून दाबते तो दुसरा. तीच नावं अजून चालतात. मी विचारलं की ठमीलाच का, आम्ही तिला जपतो, तर म्हणाल्या तुमचा यात हात नाही, पायाच्या उंचीतच ते लिहिलेलं आहे. २००९ मध्ये आखूड पायांमागची एफजीएफ४ नावाच्या जनुकाची जादा प्रत सापडली आणि २०१७ मध्ये त्याच जनुकाची अजून एक जादा प्रत १२ व्या गुणसूत्रावर सापडली, ती गादी लवकर म्हातारी करते. म्हणजे ज्या रूपावर आपण भाळतो त्याच पॅकेजमध्ये हे येतं. आणि शेवटच्या बरगड्यांपाशीच का फुटते तर पाठीच्या वरच्या भागात बरगड्यांची डोकी जोडणारा एक बंध गादीवरून आडवा जातो, पट्टा बांधल्यासारखा, तो खाली येता येता संपतो. पट्टा संपला की फुटायला मोकळी.

एमआरआयला भूल लागतेच, कुत्रं काही ‘श्वास रोखा’ ऐकणार नाही. साध्या एक्सरेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे ‘एक्सरे नॉर्मल आहे’ या वाक्यावर घरी जाऊ नका. यावरून मॅडम एकदा फॉलोअपला रंगात आल्या होत्या (पुढचा पेशंट यायचा होता म्हणून वेळ होता, एरवी बोलायला मिळत नाही). त्या शिकत होत्या तेव्हा मशीन कुठलं, सुईने पाठीच्या कण्यात रंगद्रव्य सोडायचं आणि मग एक्सरेवर दोन पांढऱ्या रेषा बघायच्या, जिथे रेष बारीक झाली किंवा तुटली तिथे गादी. डावीकडे की उजवीकडे हे कधी कळायचं कधी नाही. आणि त्या औषधाने काही कुत्र्यांना शुद्धीवर येताना झटके यायचे, ती रात्र तिथेच बसून काढायची. पशुवैद्यकाची डिग्री, मग इंटर्नशिप, मग तीनेक वर्षांची रेसिडेन्सी आणि परीक्षा, आणि एवढं सगळं करून घरी लोक विचारायचे, कुत्र्याच्या मेंदूचं काय शिकायचं असतं? त्यांच्या स्वतःच्या कमरेला पट्टा आहे, हे मी बघितलं. इतकी वर्षं जमिनीवर बसून आणि टेबलावर वाकून दुसऱ्यांचे मणके दुरुस्त करण्याचा परिणाम. मी पट्ट्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि म्हणाल्या, मला पण ठमीसारखी पिंजऱ्यातली विश्रांती सांगितलीय, ऐकत नाही.

सुरुवातीच्या काळात सगळ्यांना स्टेरॉइडचे मोठे डोस द्यायचे, त्याही द्यायच्या, सगळे द्यायचे. मग २०१६ ला वेदना गेलेल्या कुत्र्यांवरची तुलना करणारी चाचणी छापून आली, त्यात फायदा दिसला नाही, तोपर्यंत त्यांनी स्वतःच कमी केलं होतं. "स्टेरॉइडने पोटातून रक्त जाणारी कुत्री मी जास्त बघितली, चालायला लागलेली कमी." हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा डॉक्टर मला आवडतो. गेल्या गेल्या त्यांचा पहिला प्रश्न पण हाच होता, आधीच्यांनी काय दिलंय, स्टेरॉइड की साधी सूज-दुखीची गोळी? कारण दोन्ही एकत्र पोटात गेली तर आतड्याची वाट लागते. जुनी चिठ्ठी सोबत न्या. मी नेली नव्हती, नवरा परत घरी पळाला.

ऑपरेशनचं नाव मोठं आहे पण काम असं, मणक्याच्या एका बाजूची हाडाची भिंत घासून खिडकी पाडायची, आत पडलेला कचरा बारीक हत्याराने काढायचा, आणि शेजारच्या ज्या गाद्या उद्या फुटू शकतात त्यांना बाजूने छेद देऊन आतला गर आधीच काढून टाकायचा. नंतर मॅडमनी एका छोट्या डबीत तो ऐवज दाखवला. जुन्या भिंतीचा पोपडा बोटाने चुरडावा तसला पिवळट पांढरा भुगा, अर्धा चमचासुद्धा नाही. एवढ्याशाने माझं कुत्रं बसलं होतं.

दाखल असताना एक गोष्ट बघितली ती लिहायलाच पाहिजे. शेजारच्या पिंजऱ्यात एक कुत्रा होता, त्याची ती खोलवरची वेदना गेलेली. मॅडम रोज सकाळी त्याची कातडीची रेघ तपासून तिथे पेनने खूण करायच्या. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या रेघ काल होती तिथेच राहिली पाहिजे, पुढे सरकली तर ते वितळणं वर चढतंय, वाईट. तिसऱ्या दिवशी ती सरकली. त्याच्या माणसांना फोन रिसेप्शनवरून नाही गेला, मॅडमनी स्वतः केला, पिंजऱ्याशेजारी खाली बसून, एक हात आत त्याच्या डोक्यावर ठेवून. बाकी मी काही लिहीत नाही त्याबद्दल.

आणि दुसरं, एक मोठं लॅब्राडोर आलं होतं, चेंडूमागे पळताना किंचाळलं आणि थोड्या वेळात एक बाजू लुळी, पण पाठ दाबली तर दुखत अजिबात नव्हतं. त्याचे मालक ऑपरेशन करा ऑपरेशन करा म्हणून मागे लागलेले. मॅडम म्हणाल्या याच्या मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत गादीचा बारीक कण अडकलाय, रक्तपुरवठा तुटलाय, कापून काढण्यासारखं इथे काही नाही, मी उघडलं तर फक्त टाके वाढतील. व्यायाम आणि वेळ. म्हातारा जर्मन शेफर्ड आला की त्या आधी वेदना आहे का बघतात, कारण हळूहळू, न दुखता मागचे पाय जात असतील तर तो वेगळाच आजार असू शकतो, मज्जारज्जू झिजण्याचा, त्याला ऑपरेशन नाही आणि बरं करणारं औषधही नाही. ज्यांचं पोट ऑपरेशनवर आहे त्यांनी इतक्या लोकांना ऑपरेशन नको सांगून परत पाठवावं, यासाठी मी एक स्टार आधीच राखून ठेवला होता.

आता तक्रारी. आहेत.

एक, थांबावं लागतं. अपॉइंटमेंट असूनही सव्वादोन तास. इमर्जन्सी मध्ये घुसतात हे मान्य, आम्हीही तसेच घुसलो होतो, पण कोणी येऊन सांगत तरी जा. दोन, घरी सोडतानाचा कागद. सगळी औषधं आद्याक्षरांत आणि लघवीबद्दल एकच ओळ, ‘मूत्राशय रिकामं करणे, दिवसातून ३-४ वेळा’. करणे म्हणजे कसं करणे? काउंटरवरच्या मुलाने हवेत हात दाबून दाखवलं. पहिल्या रात्री ठमीच्या अंथरुणावर ओलं दिसलं, आम्ही आनंदाने नाचलो की बाईंनी स्वतःहून केली. सकाळी मॅडमकडे फोन लागला तर म्हणाल्या, भरून वाहतंय ते, टाकी ओव्हरफ्लो झालीय, आत्ता या. पुन्हा तीच चूक बघा, पाय हलला म्हणून वाटलं जाणीव आली, ओलं झालं म्हणून वाटलं ताबा आला. मग मॅडमनी माझे हात धरून शिकवलं. कुत्रं उभं धरायचं, दोन्ही तळवे पोटाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे, बोटं सपाट, टोचायची नाहीत. आत पाण्याच्या फुग्यासारखं गोल लागतं. ते सापडलं की हळूहळू दाब वाढवायचा आणि धरून ठेवायचा, झटका द्यायचा नाही. धार आली की तसाच दाब, थेंब थेंब संपेपर्यंत. मला चौथ्या प्रयत्नात जमलं, नवऱ्याला पहिल्याच, त्याचं अजून घरात ऐकून घेते. नवव्या दिवशी ठमी अंगणात स्वतः वाकली, थांबली आणि मग केली. थांबली ते महत्त्वाचं, असं आता मला कळतं.

तीन, काउंटरवर लेझरचं आणि कसलं कसलं पॅकेज गळ्यात मारायला बघतात. मी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, व्यायाम नक्की करा, लेझरने फार फरक पडतो असं ठाम म्हणण्याइतका पुरावा नाही, तुमचं तुम्ही ठरवा. काउंटर आणि केबिन यांनी एकदा आपसात बोलून घ्यावं.

चार, आणि याच्यासाठीच मी स्टार कापलाय, ती फरशी! अहो, जगातली सगळी मागचे पाय घसरणारी कुत्री जिथे येतात तिथे तुम्ही आरशासारखी गुळगुळीत फरशी घातलीत? सहा आठवडे ठमीला आम्ही पिंजऱ्यात ठेवली, उडी नाही, जिना नाही, पोटाखाली पट्टा लावून फक्त शी-शूला बाहेर, घरभर जुन्या सतरंज्या आणि योगा मॅट पसरल्या की तिचा पाय सरकू नये, आणि तुमच्या वेटिंग रूममध्ये ती पहिल्याच पावलाला फतकल मारून बसली. मी हे मॅडमना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या मी बारा वेळा सांगितलंय, पुसायला सोपी पडते म्हणे. म्हणजे त्यांचंही कोणी ऐकत नाही.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला पुन्हा सगळं तसंच. मॅडम जमिनीवर, ठमी टॉवेलशिवाय. कातडीची थरथर आता मागे कमरेच्या हाडांपर्यंत. उजवा पंजा उलटा ठेवला, ठेवता ठेवताच तिने सरळ केला. डावा ठेवला. मी मनात मोजत होते, एक, दोन... दोनाला पलटला. मॅडमनी परत ठेवला, परत दोन. एवढा राहील कदाचित, म्हणाल्या, थोडी नशेत असल्यासारखी चालेल, तिला फरक पडत नाही, तुम्हाला पडत असेल तर सवय करा. दुसरी एखादी गादी पुढे कधी फुटू शकते हेही सांगितलं, मी न विचारता. सोफ्याला पायऱ्या करा किंवा सोफाच विका. आम्ही पाय कापून सोफा बुटका केला, आता पाहुणे उठताना आमचे हात धरतात.

निघताना बघितलं तर वेटिंग रूममध्ये रबराची चटई आली होती. केबिनच्या दारापासून अर्ध्या खोलीपर्यंत, पुढे परत आरसा. ठमी चटईच्या काठावर येऊन थांबली, माझ्याकडे बघितलं आणि उचलून घे म्हणून भुंकली. पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे, चटई मेन दरवाज्यापर्यंत पोचलेली दिसली तर पाचवा स्टार तेव्हा टाकते.